एक ऑक्टोबरचा हिशेब

उन्हाळा आला की रेडिओवर एक बातमी हमखास असते : ‘मुंबईच्या तलावांत इतके टक्के पाणी शिल्लक, कपातीची शक्यता.’ गटाच्या बैठकीत आम्हाला प्रश्न पडला, की शहराला हे आधीच कळतं कसं? आपल्याला तर पोहरा रिकामा वर आला की मगच कळतं. म्हणून आज मुंबईच्या पाण्याची गोष्ट सांगतो.

मुंबईलाही पूर्वी हा हिशेब येत नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी तिथले लोक विहिरी आणि तलावांवरच जगत होते. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं आजही वस्त्यांना आहेत, तलाव मात्र बुजले. वस्ती वाढली, पाणी पुरेना. १८४५ मध्ये लोकांनी पाण्यासाठी मोठी ओरड केली. १८५६ च्या सुमारास टंचाई इतकी वाढली, की गुरं शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली. होड्यांतून आणि नव्यानेच सुरू झालेल्या रेल्वेतून पाणी आणून ते विहिरींत ओतलं गेलं. आज आपल्याकडे टँकर विहिरीत रिकामा करतात, अगदी तसंच.

तेव्हा शहराला कळून चुकलं, की पाणी आटल्यावर धावाधाव करून भागत नाही. मिठी नदीवर बांध घालून १८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाला. काही वर्षांतच तोही अपुरा पडला. मग १८७९ मध्ये तुळशी झाला आणि १८९२ मध्ये तानसा. तानसा धरण शहरापासून शंभरेक किलोमीटर दूर, शहापूरच्या जंगलात आहे. १९५७ मध्ये वैतरणा नदीवरचं मोडक सागर झालं. पुढे अप्पर वैतरणा आणि भातसा आले, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. दरम्यान विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हिवतापाचे डास होतात म्हणून शहरातल्या कितीतरी विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. घरची विहीर गेली आणि शहर दूरच्या नळावर अवलंबून राहिलं.

आज मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. दोन शहराच्या हद्दीत आहेत, पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. एकट्या भातसाचं पाणी जवळजवळ निम्मं. शहराला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी दिलं जातं. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं, तर रोजचे ३ लाख ९० हजार टँकर!

आता ऐका शहराची खरी युक्ती. पावसाळा सरला की १ ऑक्टोबरला सातही तलावांतलं पाणी मोजतात. ते साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर असलं, तर पुढच्या ३१ जुलैपर्यंत कपातीशिवाय भागतं. कमी असलं तर कपातीचा विचार सुरू होतो. २०१५ मध्ये पावसाने ओढ दिली, तेव्हा ऑगस्टअखेरीसच घरगुती पाण्यात २० टक्के आणि व्यापारी वापरात ५० टक्के कपात झाली. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के. जुलैअखेरीस तलावांतलं पाणी वाढल्यावर ती उठली.

कागदावर कपात सगळ्यांना सारखी असते, घरात मात्र नाही. ज्या इमारतीला मोठी टाकी आहे तिथे दहा टक्के जाणवतही नाहीत. वस्तीतल्या बाईला नळ अर्धा तास लवकर गेला तर दोन हंडे कमी मिळतात. ज्या झोपड्यांना अधिकृत मानलं जात नाही त्यांना तर नळजोडणीच मिळत नव्हती. प्रकरण न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडी अनधिकृत असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही.

आणि धरणांजवळच्या आपल्या बहिणींचं काय? ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्याच कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. पाणी शेजारून वाहतं, पण त्याचा हिशेब दुसरीकडे होतो. आम्हाला या इतिहासातून हेच कळलं : जो मोजतो, तोच वाटतो.

मोजायला मोठं शहरच लागतं असं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार छोटंसं गाव. तिथे दरवर्षी पाऊस मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढतात, मग पिकं कोणती घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. पाणी कमी असलं तर जास्त पाण्याची पिकं नाहीत.

मैत्रिणींनो, १ ऑक्टोबरला मुंबई आपलं पाणी मोजते. दुसऱ्याच दिवशी, गांधीजयंतीला, आपल्या गावात ग्रामसभा असते, आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी असा कायदाच आहे. यंदा त्या सभेला जाताना दोर घेऊन विहिरीवर जाऊ. पाणी किती हात आहे ते मोजू, वहीत लिहू. घरं किती, गुरं किती, मृगापर्यंत दिवस किती, तेही लिहू. मार्चमध्ये टँकर मागण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये हिशेब मागितलेला बरा. घरातलं पाणी आपणच भरतो, मग मोजायचंही आपणच.