मुठीतला गिअर आणि डावीकडचा इंडिकेटर

मोबाइल अ‍ॅप घडवताना रचनाकारापुढे दोन वाटा असतात: फोनच्या मूळ प्रणालीने पुरवलेली तयार बटणे, याद्या आणि खुणा तशाच वापरायच्या, किंवा सारा पडदा आपल्या पद्धतीने नव्याने रेखायचा. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगाला हा प्रश्न मोबाइलच्या कितीतरी आधी हँडल, पायपट्टी आणि मीटरच्या रूपात पडला होता.

इटलीच्या पियाज्योच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर बनवणाऱ्या आकुर्डीच्या बजाज ऑटोचा तो करार १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये कंपनीने ‘चेतक’ बाजारात आणली. नाव नवे असले, तरी चालकाच्या हातापायांना भिडणारी मांडणी व्हेस्पाचीच राहिली. क्लच दाबून डावी मूठ वर फिरवली की पहिला गिअर पडे, खाली आणली की न्यूट्रल आणि पुढे दुसरा, तिसरा, चौथा. मागचा ब्रेक मात्र उजव्या पायाखाली असे. ही उसनी मांडणी न बदलण्याचा निर्णय शहाणपणाचाच होता, कारण व्हेस्पावर हात बसलेल्या चालकाला चेतकवर नव्याने काही शिकावे लागत नव्हते.

चाकणमध्ये तयार होणारी बजाजचीच ‘पल्सर’ २००१मध्ये आली आणि काही वर्षांनी तिच्या मीटरवर वेग अंकांत उमटू लागला, पण इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा कायम ठेवला गेला. कंपनीने आपली कल्पकता माहिती दाखवण्याच्या भागात वापरली. पायातला गिअर आणि हातातला क्लच मोटारसायकलच्या रूढ जागीच राहिले.

याच्या उलट अनुभव फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यात २००९च्या अखेरीस बनू लागलेल्या ‘पोलो’ने दिला. भारतातल्या बहुतेक मोटारींत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते. पोलोत ती युरोपीय प्रथेप्रमाणे डावीकडेच होती आणि उजव्या हाताला वायपरची दांडी येत होती. साहजिकच, वळणापूर्वी सवयीने उजवा हात हलवणाऱ्या नव्या मालकाच्या काचेवर ऐन कोरड्या उन्हात वायपर फिरू लागे. कंपनीच्या दृष्टीने ही मांडणी प्रमाण होती, पण इथल्या रस्त्यावर ती परकी ठरली. म्हणूनच प्रमाण कोणते, हे उत्पादकाच्या मायदेशावरून न ठरवता वापरणाऱ्याच्या सवयीवरून ठरवणे योग्य होय. दिव्यांच्या खुणांबाबत हा गोंधळ झाला नाही, कारण इंडिकेटरचा हिरवा बाण आणि प्रखर झोताचा निळा दिवा यांची आंतरराष्ट्रीय मानके ठरलेली आहेत.

चेतकचे विजेवर चालणारे रूप २०१९मध्ये सादर झाले, तेव्हा मुठीतला गिअर गेला आणि दोन्ही ब्रेक हातात आले. तिचा मीटर आणि फोनवरचे अ‍ॅप कंपनीने स्वतःच्या पद्धतीने घडवले. हातातल्या ब्रेकची मांडणी मात्र तीच ठेवली, जी १९८४च्या कायनेटिक होंडापासून गिअर नसलेल्या स्कूटरींनी या देशात रुळवली होती.