मुंबईच्या बसचा आवाज

मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम सुरू झाली आणि १८७४ पासून घोडे ओढत असलेल्या ट्रामगाड्या मागे पडल्या. पण त्यामुळे रस्त्यालगतच्या घरांत शांतता नांदू लागली असे नव्हे, कारण टापांचा आवाज गेला तरी लोखंडी रुळांवरचा लोखंडी चाकांचा खडखडाट आणि चालक पायाने वाजवी ती घंटा चाळींच्या गॅलऱ्यांपर्यंत पोहोचतच राहिली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली; रबरी टायरांमुळे खडखडाट टळला, मात्र त्याची जागा इंजिनाच्या घरघरीने घेतली. पुढे रूढ झालेल्या डिझेल इंजिनाचा आवाज कमी वारंवारतेचा, म्हणजे सेकंदाला तुलनेने थोडी कंपने असलेला असतो आणि तो बंद खिडकीलाही फारसा जुमानत नाही. बस थांब्यावर उभी असताना तावदाने थरथरतात ती त्यामुळेच.

विजेची मोटर आणि रबरी टायर यांचा मेळ या शहराने पहिल्यांदा पाहिला तो १९६२ मध्ये, ट्रॉलीबसच्या रूपाने. रुळांवाटे वीज परत जाण्याची सोय नसल्याने तिला डोक्यावर दोन तारा लागत आणि त्या तारांनीच तिचा मार्ग बांधलेला असे. १९७१ मध्ये ती बंद झाली. ट्रामच्या आठवणीने हळहळणाऱ्या मुंबईने या शांत गाडीची मात्र फारशी दखल घेतली नाही, ही उपेक्षाच म्हटली पाहिजे.

बेस्टच्या ताफ्यात २०१७ पासून आलेल्या बॅटरीवरील बस आणि २०२३ ची वातानुकूलित दुमजली बस हे त्याच मेळाचे तारांतून सुटलेले रूप होय. त्यांचा लाभ मुख्यत्वे थांबा, सिग्नल आणि चढ येथील घरांना मिळतो, कारण वेग वाढला की टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज वरचढ ठरतो. शिवाय ध्वनीची तीव्रता मोजणारे डेसिबल हे एकक सरळ बेरजेचे नाही: रस्त्यावरील निम्मी ध्वनिऊर्जा नाहीशी झाली तरी आकडा केवळ ३ ने उतरतो, आणि हॉर्नचा प्रश्न तर इंजिन बदलून सुटणारा नाहीच. युरोपात तर पादचाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून विजेवरील नव्या वाहनांना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज काढणे सक्तीचे झाले आहे, म्हणजे नेमक्या ज्या वेगात घरांना शांतता लाभते, त्याच वेगात.