'वय झाले' : दोन शब्दांचा इतिहास

भाषेच्या अध्यापकाने या स्मृतिव्याख्यानात रक्तदाबाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझा विषय एका शब्दप्रयोगापासूनच सुरू होतो. वृद्ध माणसाला चक्कर आली, पाय लटपटले, धाप लागली, की घरातील माणसे म्हणतात, 'वय झाले.' या दोन शब्दांपाशी सारी विचारपूस थांबते.

ही समजूत केवळ आपल्या घरांतली नव्हे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिव्हा-रॉच्ची यांनी १८९६ मध्ये मांडले. रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये धमनीतील आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे ओळखण्याची रीत दिली. दाब मोजता आला, पण उपाय सापडेना. उतारवयात धमन्या ताठर होतात, तेव्हा दाब वाढायचाच, किंबहुना तो शरीराला हवाच असतो, असे पुष्कळ डॉक्टरही मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब फार वाढलेला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले.

उपायाची एक वाट मुंबईतून निघाली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आयुर्वेदाला परिचित असलेल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे ठेवला. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार लाभला. पुढे अधिक सोसवणारी औषधे आली. तरीही ऐंशी वर्षांपुढील माणसांना ती द्यावीत की नाही, हा वाद उरलाच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवून दिले, की त्या वयातही दाब बेताने उतरवल्यास मृत्यू कमी होतात.

मात्र त्या चाचणीतील वृद्ध तुलनेने धडधाकट होते. वय आणि क्षीणता या एकच गोष्टी नव्हेत. नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, सैल झालेली मूठ, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल, या पाच खुणांपैकी तीन आढळल्या तर ती क्षीणता, अशी व्याख्या २००१ मध्ये अमेरिकेत मांडली गेली. अशा माणसाचा दाब उठून उभे राहताच एकदम उतरतो आणि तो पडतो, असेही घडते. म्हणून त्याचा दाब बसून आणि उभा राहून, असा दोन्ही वेळा मोजावा लागतो.

पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या मिलांत राबण्यासाठी खानदेशातून आलेल्या पिढीचे केस आता पिकले आहेत. बरे वाटू लागले की गोळी आपल्या मनाने बंद करणारे आणि पडल्याचे लपवून ठेवणारे वडीलधारे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आजोबांची चाल पाहा, आजीच्या हाताची पकड पाहा, आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. 'वय झाले' हे वाक्य खरे असेल. पण तिथे पूर्णविराम देऊ नका.