पुरंदरावरचे बाळंतपण

चंद्रपूरच्या अचलेश्वर मंदिरालगत गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत सर्वांत देखणी वीरशहाची. ती राणी हिराईने बांधवून घेतली. वीरशहाचा खून झाला तेव्हा त्याला मुलगा नव्हता. हिराईने चंदनखेड्याच्या गोंड घराण्यातील रामशहाला दत्तक घेतले, तो जाणता होईपर्यंत कारभार स्वतः पाहिला आणि चांद्याची गादी टिकवली. अठराव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट.

दत्तकविधान चारचौघांसमक्ष होते. कोणाचे मूल, कोणाच्या ओटीत, हे सारा दरबार पाहतो. पोटच्या वारसाचे तसे नसते. तो बंद दाराआड जन्मतो आणि दाराबाहेर उभ्या असलेल्यांना आतल्या बायकांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. आजचा धागा त्या दाराविषयी आहे.

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांनी पेशवेपदाची वस्त्रे मिळवली आणि ते फौज घेऊन मोहिमेवर निघाले. मागे पुण्यात बातमी पक्की झाली, की नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर आहे. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांचा जो गट इतिहासात ‘बारभाई’ म्हणून ओळखला जातो, त्याचे सारे राजकारण या एका गर्भावर उभे राहिले. जानेवारी १७७४ च्या अखेरीस गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर हलवण्यात आले. सोबतीला सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. कारभार गंगाबाईंच्या नावाने सुरू झाला.

कोणी विचारील, हिराईप्रमाणे गंगाबाईंनीही दत्तक का घेऊ नये? चांद्याला दत्तक चालला. पुण्यात मात्र घराण्यातील कर्ता पुरुष जिवंत होता, वस्त्रे ल्यालेला होता आणि फौजेसह मैदानात होता. माझ्या मते त्याच्यासमोर दत्तकाचा हक्क फार लंगडा ठरला असता. नारायणरावांचा औरस पुत्रच हवा होता.

आता थोडा हिशेब करू. मुलगा जन्मला १८ एप्रिल १७७४ रोजी, म्हणजे खुनानंतर २३१ दिवसांनी. पूर्ण दिवसांचे बाळ गर्भधारणेपासून सुमारे २६६ दिवसांनी जन्मते. त्या हिशेबाने खुनाच्या दिवशी गर्भ जेमतेम पाच आठवड्यांचा होता. एखादी पाळी चुकलेली, इतकीच खूण. ती कळणार कोणाला? स्वतः गंगाबाईंना आणि फार तर जवळच्या दोन-चार बायकांना. पुरंदर चढताना त्यांना सातवा महिना होता. तेव्हा पोट दिसत होते, पण आरंभाची साक्ष देणारे तोंड बायकांचेच होते. पेशवाईचा वारसाहक्क अशा ज्ञानावर उभा होता, जे कोणत्याही दप्तरात नोंदवले जात नव्हते.

आणि प्रसंग बाका होता. २६ मार्चला पंढरपूरजवळ कासेगाव येथे राघोबांनी बारभाईंच्या त्र्यंबकरावमामा पेठ्यांचा पराभव केला; मामा त्यातच गेले. गडावर गंगाबाईंचे दिवस भरत आले होते. मुलगी झाली असती तर?

हा प्रश्न सर्वांनाच पडला होता, म्हणून अफवा उठली. गडावर आणखी काही गरोदर ब्राह्मण स्त्रिया नेऊन ठेवल्या आहेत. मुलगी झालीच तर त्यांपैकी एखादीचा मुलगा पुढे करण्यात येईल, असे लोक बोलत. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही ही वदंता आली आहे.

अफवेला बळ कशामुळे आले, हे पाहण्यासाठी जरा युरोपात जाऊ. फ्रान्सच्या दरबारात राणीचे बाळंतपण उघड्यावर होई. २७ सप्टेंबर १६०१ रोजी फाँतेनब्लो येथे तेरावा लुई जन्मला, तेव्हा राजघराण्यातील पुरुष साक्षीसाठी खोलीत हजर होते. सुईण होती लुईझ बूर्जवा. तिने हा सारा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला. जन्मानंतर राजाने दारे उघडून शेदोनशे माणसे आत घेतली. सुईण चिडली, तेव्हा हे मूल सर्वांचे आहे, असे सांगून राजाने तिला गप्प केले. एका सुईणीने राजाला खडसावले आणि ते छापूनही आणले, हे मला त्या जन्माइतकेच मोलाचे वाटते.

पण इतके साक्षीदार असूनही संशय टळतोच असे नाही. १० जून १६८८ रोजी इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सला मुलगा झाला. खोली माणसांनी भरलेली होती, तरी अंथरूण ऊब करण्याच्या निखाऱ्यांच्या भांड्यात लपवून परके मूल आत आणले, अशी आवई उठली. ऑक्टोबरात राजाला भर सभेत चाळीसहून अधिक लोकांच्या, त्यांत सुईणीच्याही, जबान्या घ्याव्या लागल्या. डिसेंबरात तो देश सोडून पळाला.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जाण्याचा प्रश्नच नव्हता. जन्मासरशी सोयर लागे. आत सुईण आणि घरच्या वडीलधाऱ्या बायका. धर्मशास्त्राप्रमाणे नाळ कापण्यापूर्वी जातकर्म करायचे ते पित्याने. ‘हे मूल माझे’ असे सांगण्याचा तोच विधी, आणि इथे पिताच नव्हता. नाना आणि बापू गडावर असूनही त्यांना आतून येणाऱ्या निरोपाचीच वाट पाहणे भाग होते.

निरोप आला: मुलगा. चुलत्याच्या नावावरून नाव ठेवले माधवराव. ४० व्या दिवशी, २८ मे १७७४ रोजी, साताऱ्याच्या छत्रपतींकडून आलेली पेशवेपदाची वस्त्रे त्या तान्ह्याला देण्यात आली. ही घाई बोलकी आहे. संशयाला उत्तर देण्यापेक्षा बारभाईंनी त्याच्यापुढे मोहोरबंद वस्तुस्थिती ठेवली. राघोबांचा पक्ष मात्र मूल खोटे म्हणत राहिला. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेच्या तहाने मुंबईकर इंग्रज त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

या भांडणाचे टोक चांद्यापर्यंत पोहोचले. नागपूरकर भोसल्यांच्या वाटणीत चांदा मुधोजींकडे होता आणि मुधोजी राघोबांच्या बाजूचे. त्यांचे सावत्र भाऊ साबाजी बारभाईंच्या बाजूचे. आधीच नागपूरच्या वारसावरून दोघांत तेढ होती: निपुत्रिक जानोजींनी मुधोजींच्या मुलाला, रघूजीला, वारस नेमले होते. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे दोघे भिडले. मुधोजी जवळजवळ सापडलेच होते. हत्तीवरून अंगावर आलेल्या साबाजींना त्यांनी पिस्तुलाने टिपले. नागपूर मुधोजींच्या आणि पुढे त्यांच्या मुलाच्या हाती गेले.

गंगाबाई १२ जुलै १७७७ रोजी वारल्या. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी राघोबांचा दावा सोडला आणि सवाई माधवरावांना पेशवे मानले. तेव्हा पुरंदरावर जन्मलेला तो मुलगा नुकताच ८ वर्षांचा झाला होता.