फारमन बंधूंची आकाशगाडी

राइट बंधूंचे नाव शाळेतल्या पोरासोरांनाही पाठ असते. पण ‘उतारूंना ठरलेल्या वेळी विमानात बसवून परगावी नेले कोणी?’ असे मी विचारले, की वर्ग गप्प होतो. त्या उत्तरात फ्रान्समधल्या तीन भावांचा मोठा वाटा आहे.

डिक, आंरी आणि मोरीस फारमन ही पॅरिसमध्ये राहणाऱ्या एका इंग्रज बातमीदाराची मुले. सायकलींच्या आणि मोटारींच्या शर्यती गाजवून धाकटे दोघे विमानाकडे वळले. १३ जानेवारी १९०८ रोजी आंरीने एक किलोमीटरचा फेरा पुरा करून ५०,००० फ्रँकांचे बक्षीस पटकावले. ते विमानही व्वाझँ नावाच्या दुसऱ्या भावांच्या कारखान्यातले! पुढे फारमनांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला.

१९१८ साली त्यांनी ‘गोलिआथ’ हे बाँबफेकी विमान आखले. पण ते तयार होईतो युद्ध थांबले. एखादा कारखानदार हवालदिल झाला असता. फारमनांनी बाँबच्या जागी खुर्च्या मांडल्या! ८ फेब्रुवारी १९१९ रोजी बोसूत्रो या वैमानिकाने पॅरिसजवळून लंडनलगतच्या केन्लीला १२ माणसे नेली. २२ मार्चला त्यांची पॅरिस–ब्रसेल्स फेरी सुरू झाली. गंमत अशी, की उतारू पुढच्या-मागच्या बंद खोल्यांत आरामात बसत आणि मधल्या उघड्या जागेत बिचारा सारथी वारा खाई.

धुके पडले, की हे सारथी खालच्या सडकेचा माग काढीत. ७ एप्रिल १९२२ रोजी अशाच धुक्यात, पिकार्डी प्रांतात, दुसऱ्या एका कंपनीचे गोलिआथ आणि एक इंग्रज टपालविमान समोरासमोर आदळले. सातजण दगावले. आकाश एवढे मोठे, पण दोघांची वाट एकच! त्यानंतर ठरीव मार्गांची आणि उजवी बाजू राखण्याची निकड साऱ्यांना पटली.

१९३३ साली फारमनांची प्रवासी वाहतूक ‘एअर फ्रान्स’मध्ये विलीन झाली आणि १९३६ च्या कायद्यानंतर कारखानाही सरकारी संस्थेत गेला. पाटीवरचे घराण्याचे नाव पुसले गेले, याची मला हळहळ वाटते. तरी पहिले पाऊल टाकायला घरचे धाडस पुरते. उतारूचा जीव सांभाळायला मात्र सर्वांनी मिळून पाळलेले नियमच लागतात. ते शिकवण्यासाठी सात जीव खर्ची पडले, हे विसरू नये.