भीड चेपण्याची गोष्ट: ओळखीच्या खेळांचा आपला इतिहास

भिवापुरात बोलायला उभं राहिलं की आधी मिरचीची आठवण होते. लहानपणी मी आजीबरोबर सातऱ्यावर जायचो. बाया ओळीनं बसून मिरचीची देठं तोडत असत. एखादी नवी बाई आली की जुन्यातली कोणीतरी विचारायची, "कोन्या गावची वं तू? माहेर कुठलं?" माहेराचं नाव निघालं की तिथली नदी निघे, बाजार निघे, कोणाची तरी मावशी निघे. तासाभरात नवी बाई जुनी झालेली असे.

आजचा विषय तोच आहे. शिबिरात, वसतिगृहात, कॉलेजच्या पहिल्या दिवशी नवी पोरं बुजून बसतात. त्यांना मोकळं करायला खेळ घेतात, त्याला हल्ली 'आईस ब्रेकर' म्हणतात. म्हणजे बर्फ फोडणं. आता मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, बर्फ कुठून आणायचा? आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे, भीड चेपणं. आणि शब्द वेगळा आहे तसा प्रश्नही वेगळा आहे. आपल्या माणसामाणसांत नुसता संकोच नव्हता. विटाळ होता. म्हणून या खेळांचा आपला इतिहास थोडा निराळा वाचावा लागतो.

सुरुवात घरातून करू. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. संध्याकाळी पोरी घरोघर जातात, गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. घरातली बाई झाकलेला डबा हलवते आणि आवाजावरून पोरी सांगतात, फुटाणे, मुरमुरे, करंजी! यातली गंमत बघा. डब्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. वर्गात पहिली येणारी आणि शाळेत न जाणारी, दोघी त्या क्षणी सारख्याच अज्ञानी असतात. चुकलं तरी हसं होत नाही, कारण सगळ्याच चुकत असतात. बुजऱ्या पोरीच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो इथे.

दुसरं ठिकाण वारीचं. अनोळखी माणसं एकमेकांच्या पाया पडतात, एकमेकांना माउली म्हणतात, वाटेत हातात हात घालून फुगडी धरतात. फुगडीत एक साधी गोष्ट आहे. समोरच्यानं हात सोडला तर तुम्ही पडता. तुमचा तोल त्याच्या हातात असतो, त्याचा तुमच्या. पण इथे थांबून खरं बोललं पाहिजे. वाळवंटात खेळलेली ही समता देवळाच्या दारापर्यंत पोचली नव्हती. चोखोबा बाहेरच राहिले. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. खेळ दार किलकिलं करतो, पण ते उघडायला वेगळं बळ लागतं.

आता जरा लांब, शिकागोला जाऊ. तिथे १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी 'हल हाउस' सुरू केलं. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, ज्यू, पोलिश स्थलांतरितांची वस्ती. पोरांना एकमेकांची भाषा येत नसे. तिथे नेव्हा बॉइड नावाच्या बाई खेळ शिकवीत. त्यांच्या विद्यार्थिनी व्हायोला स्पोलिन यांनी त्यातून नाट्यखेळ रचले आणि १९६३ साली त्यांवर पुस्तक लिहिलं. आज आपण कार्यशाळांत जे खेळ घेतो, त्यांतल्या बऱ्याच खेळांचं मूळ तिथे सापडतं.

मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून यात दुसरंच नाव दिसतं. जॉन ड्यूई. हे हल हाउसचे विश्वस्त होते. लोकशाही म्हणजे आधी एकत्र जगण्याची रीत, राज्यकारभाराची पद्धत नंतर, असं ते मानत. पुढे ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१३ ते १९१६ या काळात तिथे त्यांचा एक विद्यार्थी होता, भीमराव आंबेडकर. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेब आपल्या या गुरूंचं ऋण मान्य करतात आणि बंधुतेचा अर्थ सांगतात: समाजातल्या गटांचा एकमेकांशी मोकळा, नाना वाटांनी संपर्क. म्हणजे शिकागोच्या पोरांच्या खेळामागचा विचार आणि आपल्या राज्यघटनेतला 'बंधुता' हा शब्द, यांचं नातं अगदीच दूरचं नाही.

आपल्याकडे हा विचार मैदानावर उतरवला राष्ट्र सेवा दलानं. १९४१ साली पुण्यात त्याची नव्यानं बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख. संध्याकाळच्या शाखेत खेळ, गाणी, लेझीम. सगळ्या जातींची मुलं आणि मुलीसुद्धा एकत्र. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ पासून श्रमसंस्कार छावणी भरवली. तिथे ओळख व्हायची ती कुदळ-फावड्याच्या साक्षीनं.

आता माझी चूक सांगतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ला सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी मी नवा प्राध्यापक म्हणून पोरांना घेऊन याच भागातल्या एका खेड्यात शिबिराला आलो. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना गोल उभं केलं आणि म्हटलं, पूर्ण नाव, गाव आणि वडिलांचा धंदा सांगा. मला वाटलं, छान ओळख होईल. एका पोरानं नुसतं पहिलं नाव सांगितलं. मी म्हणालो, "अरे, आडनाव सांग ना, लाजतोस काय?" त्यानं सांगितलं. जेवणाच्या पंगतीत बघतो तर तो ताट घेऊन विहिरीपाशी एकटा बसलेला. कोणी त्याला उठवलं नव्हतं. मी उठवलं होतं, माझ्या खेळानं.

तिसऱ्या दिवशी बांधाचं काम निघालं. दगडांची घमेली हातोहात पुढे द्यायची होती. त्या साखळीत तो मध्ये होता. एक घमेलं कोणाच्या तरी पायावर पडलं, शिव्या झाल्या, हशा झाला, त्यात तोही हसला. रात्री तो पंगतीत बसला. पण मी त्याची माफी मागितली नाही. ते राहूनच गेलं.

तेव्हापासून मी प्रत्येक खेळाला एक प्रश्न विचारतो. हा खेळ कोणाला उघडं पाडतो? आपल्याकडे आडनावात जात असते, धंद्यात गरिबी असते, "सुट्टीत कुठे गेला होतास" यातही असते. या उघडं पाडण्याचं टोक म्हणजे रॅगिंग. तेही 'ओळख करून घेतो' असंच म्हणत येतं. ते रोखायला १९९९ साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. तिथे एकजण उघडा आणि बाकीचे झाकलेले असतात. भुलाबाईच्या डब्यापुढे मात्र सगळ्या पोरी सारख्या असतात. फरक एवढाच आहे, पण त्यानं पोराचं आयुष्य इकडचं तिकडे होतं.

इथे शिक्षक बसलेत, शिबिरं घेणारी तरुण मंडळी बसलीत. तुम्ही विचाराल, सर, मग करायचं काय? अवघड काही नाही. पहिलं नाव विचारा, आडनाव नको. असा प्रश्न टाका, ज्याचं उत्तर कोणाकडेही असतं: आज येताना वाटेत काय दिसलं? पोरगं बोललं नाही तर सोडून द्या, वेळ जाऊ द्या. आणि दुसऱ्या दिवशी हाताला काम द्या, एकट्याला उचलता येणार नाही असं. शेवटी पंगतीकडे नजर टाका. खेळ जमला की नाही, ते तिथे कळतं.

चला, मागे चहा आलेला दिसतो. प्रश्न त्यानंतर घेऊ. तोवर शेजारी जो अनोळखी बसलाय, त्याला विचारा, येताना वाटेत काय दिसलं.