लहान व्यापारी नौकांच्या कार्यप्रणालीचे सर्वेक्षण : दिघी व राजपुरी खाडीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश : कोकण किनाऱ्यावरील लहान व्यापारी नौकांची तपासणी ही प्रथम नोंदणीची, पुढे सांगाडा व यंत्राची आणि अखेरीस प्रवासी-क्षमता व कर्मचारी यांची तपासणी झाली. तथापि या किनाऱ्यावरील मोठे अपघात प्रामुख्याने नौका चालविण्याच्या पद्धतीशी निगडित होते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा दिघी बंदराच्या संदर्भात परामर्श घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : दिघी, राजपुरी खाडी, नौका-सर्वेक्षण, फेरीबोट, तांडेल.

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावरील बंदर होय. समोरच्या काठावर मुरुड तालुक्यातील आगरदांडा असून खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा जलदुर्ग उभा आहे. १९४८ पर्यंत हा परिसर सिद्दींच्या जंजिरा संस्थानात मोडत असे. एकविसाव्या शतकात दिघी हे नाव खाजगी व्यापारी बंदरामुळे चर्चेत आले. परंतु स्थानिक जीवनाच्या दृष्टीने पाहता येथील लहान नौकांची वाहतूक अधिक जुनी व अधिक नित्याची आहे. आगरदांड्याहून वाहने व माणसे घेऊन येणारी फेरीबोट (लोक तिला ‘जंगल जेटी’ म्हणतात), किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या, मासेमारीच्या बोटी व बंदरातील बार्जेस ही सर्व एकाच खाडीत वावरतात. फेरीबोट बंद पडल्यास खाडीला लांबचा वळसा घालावा लागतो. त्यामुळे तिची सुरक्षितता हा विद्यार्थी, रुग्ण व लहान व्यापारी यांच्या दैनंदिन जीवनाशी निगडित प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. लहान नौकांच्या तपासणीच्या पारंपरिक पद्धतीचे स्वरूप पाहणे.
२. तपासणीविषयक कायद्यांच्या विकासाचा आढावा घेणे.
३. कोकणच्या जलवाहतुकीतील प्रमुख दुर्घटनांच्या आधारे या तपासणीची मर्यादा स्पष्ट करणे.

पारंपरिक तपासणी

कायद्याने तपासणी सुरू होण्यापूर्वी कोकणात नौकांची तपासणी होत नव्हती, असे मानणे योग्य ठरणार नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी गलबते व मचवे किनाऱ्यावर ओढून शाकारण्याची प्रथा होती. नौका कोरडी झाल्यावर तळाच्या फळ्या खरवडणे, कुजका भाग बदलणे, सांध्यांत कापूस व तेल भरणे, दोर व शिडे यांची डागडुजी करणे ही कामे केली जात. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्यानंतर नौका पुन्हा पाण्यात जात. या व्यवस्थेत नौका व समुद्र यांची परीक्षा एकत्र होई. नौका केवढी मजबूत आहे यासोबतच ती कोणत्या वाऱ्यात, कोणत्या भरतीला व किती माल घेऊन न्यावयाची, याचा निर्णयही तांडेलच करी. अर्थात या परंपरेला मर्यादाही होत्या. ज्ञान लिखित नव्हते आणि मालकाने अधिक माल भरण्याचा आग्रह धरल्यास त्याला अडविणारी त्रयस्थ यंत्रणा नव्हती.

कायदेशीर तपासणीचा विकास

मुंबई इलाख्यातील किनारी नौकांसाठी १८३८ चा कायदा झाला. त्याचा भर नोंदणी आणि नौकेची ओळख निश्चित करण्यावर होता. नौका सुस्थितीत आहे काय, हा प्रश्न त्यात दुय्यम होता. मुंबई इलाख्यातील तरींच्या नियमनासाठी १८६८ चा कायदा झाला. दिघी संस्थानी मुलखात असल्याने ब्रिटिश हद्दीतील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. मात्र येथील गलबते मुंबई बंदरात शिरली की तेथील नियमांखाली येत.

वाफेच्या बोटी आल्यानंतर परिस्थिती पालटली. बॉयलर फुटण्याचा धोका शिडाच्या गलबताला नव्हता. तो तपासण्यासाठी तांडेलाचा अनुभव पुरेसा नव्हता, तर अभियंता आवश्यक होता. १८८४ च्या व त्यानंतर १९१७ च्या अंतर्गत जलमार्गावरील वाफेच्या जहाजांच्या कायद्याने सर्वेक्षणाचा दाखला बंधनकारक केला. दाखल्याची मुदत एक वर्षाची ठरली. सांगाडा व यंत्रे त्या कामास पुरेशी आहेत, साधनसामग्री योग्य आहे, कोणत्या ठिकाणांदरम्यान प्रवास करता येईल व किती उतारू घेता येतील, या बाबी दाखल्यात नमूद होत. ऋतू, प्रवासाचे स्वरूप व माल यांनुसार उतारूंची संख्या बदलण्याची तरतूदही होती. सारंग व इंजिन-चालक यांनाही प्रमाणपत्र आवश्यक करण्यात आले. १९७७ च्या दुरुस्तीने ‘वाफेचे जहाज’ या संज्ञेऐवजी यंत्रचलित जहाज ही व्यापक संज्ञा आली आणि अखेर अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ ने जुन्या कायद्याची जागा घेतली. नव्या कायद्यानुसार नौका व कर्मचारी यांची मध्यवर्ती नोंद ठेवली जाते. यंत्र नसलेल्या नौकांचाही त्यात प्रथमच विचार झाला. जंजिऱ्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते.

राज्य पातळीवर १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे लहान बंदरांचा कारभार आला. दिघीचा समावेश राजपुरी बंदर समूहात होतो.

आंतरराष्ट्रीय करारांचा विचार करता लहान नौका बहुधा त्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या. टायटॅनिकच्या १९१२ मधील दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला करार झाला, परंतु तो परदेशी प्रवास करणाऱ्या जहाजांपुरता होता. भाररेषेसंबंधीच्या १९६६ च्या करारातून २४ मीटरपेक्षा कमी लांबीची नवी जहाजे वगळण्यात आली. परिणामी खाडीतील फेरीबोटीच्या सुरक्षिततेची जबाबदारी मुख्यतः देशी कायदा व स्थानिक यंत्रणा यांच्यावरच येते.

दुर्घटनांचा पुरावा

शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही बोट विजेच्या दिव्यांमुळे ‘विजळी’ म्हणून ओळखली जाई. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ही बोट वादळात नाहीशी झाली. तिच्यावर सातशेहून अधिक माणसे होती. चौकशीत जीवरक्षक साधनांची अपुरी संख्या पुढे आली. ही बोट तेव्हा अवघी तीन वर्षांची होती, म्हणजे जुनाट सांगाडा हे कारण येथे सांगता येत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘तुकाराम’ व ‘जयंती’ या दोन बोटी कोकण किनाऱ्यावर एकाच वादळात बुडाल्या. हे दोन्ही प्रसंग नोव्हेंबरातील, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतरच्या ‘मोकळ्या’ हंगामातील आहेत. केवळ ऋतूवर आधारलेले नियम पुरेसे नाहीत आणि नौकेपर्यंत हवामानाची वार्ता पोहोचणे हादेखील कार्यप्रणालीचाच भाग आहे, असे यावरून म्हणता येते.

‘रामदास’ बोटीची दुर्घटना याहून अधिक बोलकी आहे. १९३६ मध्ये बांधलेली ही बोट १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईहून रेवसकडे निघाली व काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक उतारू मृत्युमुखी पडले. लाटेने बोट एका बाजूला कलताच घाबरलेले उतारू एकाच बाजूला धावले आणि बोट सावरू शकली नाही, असे तिचे वृत्तांत सांगतात. मुंबई जवळ असूनही अपघाताची वार्ता तेथे पोहोचण्यास अनेक तास लागले. येथे प्रश्न उतारूंची गर्दी, त्यांची बसण्याची व्यवस्था, पावसाळी समुद्र व संदेशवहन यांचा होता. धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या बोटीच्या तपासणीत यांपैकी एकही बाब दिसत नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून झालेल्या अपघाताने हाच मुद्दा पुन्हा पुढे आणला. टक्कर बाहेरून झाली. परंतु त्यानंतर चर्चा झाली ती बोटीवरील माणसांची संख्या व अंगावर नसलेली जीवनरक्षक जाकिटे यांची.

दिघीच्या संदर्भात विवेचन

वाहने नेणाऱ्या फेरीबोटीचे सर्वेक्षण करताना सांगाडा, इंजिन, सुकाणू, तळातील पाणी उपसण्याचा पंप, नांगर, अग्निशमन साधने, जीवनरक्षक कडी व जाकिटे, उजवीकडील हिरवा व डावीकडील तांबडा दिवा या बाबी पाहिल्या जातात. त्या आवश्यकच आहेत. परंतु अशा बोटीचा तोल प्रत्येक फेरीला बदलतो. जड वाहन कोणत्या बाजूला उभे केले, चाकांना अडण लावली काय, उतारू वाहनांच्या मधल्या जागेत उभे आहेत काय, चढ-उताराचा फाळका पूर्ण वर घेतला काय, यांवर ती फेरी सुरक्षित ठरते. शिवाय राजपुरी खाडीचे मुख समुद्राकडे उघडे असल्याने ओहोटीचा प्रवाह व समोरून येणारा वारा यांचा मेळ कसा बसतो, हे स्थानिक खलाशालाच नेमके ठाऊक असते. वार्षिक दाखला बोटीच्या एका दिवसाच्या स्थितीची साक्ष देतो. उरलेल्या दिवसांची साक्ष देणारी नोंद मात्र त्याला जोडलेली नसते.

निष्कर्ष

१. लहान नौकांच्या तपासणीचा कायदा टप्प्याटप्प्याने व्यापक होत गेला. उतारूंची संख्या ऋतू व मालानुसार बदलण्याची तत्त्वतः योग्य तरतूद १९१७ मध्येच अस्तित्वात होती.

२. १८८८, १९२७ व १९४७ च्या दुर्घटनांमध्ये भार, उतारूंची हालचाल, हवामानाची वार्ता, संदेशवहन व जीवरक्षक साधने हे घटक ठळकपणे दिसतात. सर्वेक्षणाचा विषय केवळ नौका न राहता नौकेची कार्यप्रणाली हा असावयास हवा.

३. प्रत्येक फेरीपूर्वी वाहने, उतारू, वारा व भरती-ओहोटी यांची संक्षिप्त लेखी नोंद तांडेलाने करावी व वार्षिक सर्वेक्षणात या नोंदवहीचीही तपासणी व्हावी. फेरी रद्द करण्याचा त्याचा निर्णय मालकावर बंधनकारक असावा. पूर्वी जो अधिकार अनुभवाने तांडेलाकडे होता, त्याला लेखी आधार व कायद्याचे पाठबळ मिळाल्यास परंपरा आणि नियम यांतील अंतर कमी होऊ शकेल.

४. राजपुरी खाडीसारख्या जलमार्गांवरील खलाशांच्या मौखिक ज्ञानाचे संकलन किनारपट्टीतील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांना हाती घेता येईल. शिडावर नौका हाकलेल्या पिढीचे अनुभव नोंदविण्यास फारसा अवधी उरलेला नाही.